सीटी स्कोअर १४/२५ आला म्हणजे अर्धं फुफ्फुस गेलं का?

तुम्ही विचारलंय की बाबांना व्हायरल न्यूमोनिया झालाय, एचआरसीटीच्या (छातीच्या बारकाईने काढलेल्या सीटी स्कॅनच्या) रिपोर्टमध्ये दोन्हीकडे 'ग्राउंड ग्लास' आणि स्कोअर १४/२५ असं लिहिलंय, तर ५६ टक्के फुफ्फुस कायमचं खराब झालं का, आणि सुधारतंय की नाही ते बघायला पुढच्या आठवड्यात परत सीटी काढायचा का. मी रेडिओलॉजिस्ट आहे, छातीचे सीटी रोज वाचते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पण आधी सरळ उत्तर देते, म्हणजे तुमचा जीव थोडा खाली पडेल: नाही, ५६ टक्के फुफ्फुस गेलेलं नाही, आणि नुसतं बघायचं म्हणून परत सीटी काढू नका.

ते टक्क्यांचं गणितच चुकीचं आहे हो. उजव्या फुफ्फुसाचे ३ भाग असतात आणि डाव्याचे २, त्यांना लोब म्हणतात. आम्ही प्रत्येक लोबचा किती भाग धुरकट दिसतोय ते डोळ्यांनी अंदाजाने बघतो आणि मार्क देतो, ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर १, ५ ते २५ मध्ये असेल तर २, जवळपास निम्म्यापर्यंत ३, पाऊण भागापर्यंत ४ आणि त्याच्या वर ५. आता समजा एखाद्याच्या पाचही लोबमध्ये फक्त ६-६ टक्केच धुरकटपणा आहे, तर प्रत्येक लोबला २ मार्क, बेरीज १०, आणि घरचे हिशोब करतात १० भागिले २५ म्हणजे ४० टक्के! खरं तर ६ टक्के आहे. हा आकडा आम्ही डॉक्टरांनी एकमेकांशी पटकन बोलता यावं म्हणून वापरतो, पण तो नातेवाईकांच्या हातात परीक्षेच्या निकालासारखा पडतो आणि माणसं रात्ररात्र झोपत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. शिवाय तो फक्त पसारा किती ते सांगतो, कसला पसारा आहे ते सांगत नाही.

आणि खरी गोष्ट तिथेच आहे. ग्राउंड ग्लास म्हणजे बाथरूमच्या खिडकीला असते ना ती दुधी काच, तसं दिसतं. निरोगी फुफ्फुस सीटीवर जवळजवळ काळं दिसतं कारण आत बहुतेक हवाच असते. व्हायरसमुळे हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती सुजल्या, आत थोडं पाणी आलं, की तो भाग राखाडी होतो, पण त्या राखाडीतूनही रक्तवाहिन्यांच्या रेषा आरपार दिसत राहतात. म्हणजे तिथे अजून हवा आहे. पिशव्या पूर्ण भरल्या की मग पांढरंफटक दिसतं, रक्तवाहिन्या त्यात गडप होतात आणि फक्त श्वासनळ्यांच्या काळ्या फांद्या उठून दिसतात, त्याला कन्सॉलिडेशन म्हणतात. दोघांचा स्कोअर १४ असू शकतो, पण एकाचं सगळं दुधी काचेसारखं आणि दुसऱ्याचं पांढरं, तर माझ्या दृष्टीने ते दोन फार वेगळे पेशंट आहेत. बाबांच्या रिपोर्टमध्ये नुसतं ग्राउंड ग्लास लिहिलंय की कन्सॉलिडेशन पण, ते नीट बघा.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, स्कॅन काढताना श्वास कसा होता त्यावरही चित्र बदलतं. मी स्कॅन उघडला की आधी फुफ्फुस नाही, मुख्य श्वासनलिका बघते. ती गोल असेल तर पेशंटने श्वास छान आत घेऊन धरलाय, मागची भिंत आत ढकलल्यासारखी दिसली तर श्वास सोडलेला आहे, आणि अशा वेळी चांगलं फुफ्फुसही राखाडी दिसतं. सारखा खोकला येणाऱ्या, धाप लागलेल्या माणसाला दहा सेकंदही श्वास धरवत नाही, त्यात त्याची काहीच चूक नाही, पण मग स्कोअर उगाच वाढू शकतो. तसंच पाठीवर झोपल्यामुळे मागचा भाग दबून धुरकट दिसतो, शंका आली तर आम्ही पालथं झोपवून तेवढाच भाग परत बघतो, नुसतं दबलेलं असेल तर ते निघून जातं.

आता दिवसांचं. स्कॅन आजाराच्या कितव्या दिवशी काढला हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. कोविडमध्ये हे आम्ही खूप जवळून पाहिलं, पहिल्या दोन दिवसांत बऱ्याच जणांचा सीटी अगदी नॉर्मल यायचा, मग पसारा वाढत साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त दिसायचा आणि दोन आठवड्यांनंतर हळूहळू विरायला लागायचा. एक तरुण पेशंट तापाच्या दुसऱ्याच दिवशी स्वतःहून सीटी काढून गेला होता, नॉर्मल आला म्हणून घरचे निर्धास्त झाले, ऑक्सिजन मोजायचं बंद केलं आणि आठव्या दिवशी त्याला व्हीलचेअरवर आणावं लागलं. तेव्हापासून लवकर काढलेला स्कॅन नॉर्मल असला तर मी तोंडी सांगतेच की यावर विसंबू नका, बोटाला लावायच्या मीटरवर लक्ष ठेवा.

कुठला व्हायरस ते सीटीवरून ठरत नाही. इन्फ्लुएंझा, कोविड, अॅडिनोव्हायरस, सगळे दुधी काच दाखवू शकतात. दोन्हीकडे, बरगड्यांच्या लगत, खाली आणि मागे असं दिसलं की कोविडचा संशय वाढतो, पण नाव स्वॅबच सांगतो.

परत सीटी कधी? ताप उतरून परत चढला, बेडका पिवळा-हिरवा झाला, किंवा ऑक्सिजन अचानक पडला, तर काढायचा, आणि तोही डॉक्टरांनी ठरवून. अचानक धाप लागली तर फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी असू शकते आणि साध्या सीटीत ती सहसा दिसत नाही, त्यासाठी शिरेतून औषध देऊन वेगळा सीटी करावा लागतो. बाबा जेवतायत, बोलतायत, ऑक्सिजन टिकून आहे, तर चित्र मागे रेंगाळलं तरी चालेल, कारण माणूस आधी बरा होतो आणि स्कॅन नंतर. छातीच्या एका सीटीत साधारण ५ ते ७ मिलीसिव्हर्ट रेडिएशन मिळतं, निसर्गातून आपल्याला वर्षभरात सरासरी २.४ मिळतं, म्हणजे घाबरण्यासारखं नाही, पण उगाच घेण्यासारखंही नाही. घरी गेल्यावर बहुतेकदा १२ आठवड्यांनी एक्स-रे पुरतो, दम लागतच राहिला तर मग सीटी आणि फुफ्फुसाची ताकद मोजणारी फुंकर मारायची टेस्ट.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या रिपोर्टमध्ये कोणी 'फायब्रॉटिक बॅन्ड्स', म्हणजे व्रणासारख्या रेषा, असं लिहिलं तर लगेच हाय खाऊ नका, त्यातल्या पुष्कळ रेषा पुढच्या काही महिन्यांत पुसट होत जातात.

आणि एक काम आजच करा. ताप पहिल्यांदा कधी आला ती तारीख आणि स्कॅनची तारीख, दोन्ही फाईलवर मोठ्या अक्षरात लिहा, आणि डॉक्टरांकडे जाताना नुसता रिपोर्ट नको, सीडी पण घेऊन जा. वाचताना मला सगळ्यात जास्त ती पहिली तारीखच लागते, आणि फॉर्मवर बहुतेक वेळा तीच रिकामी असते.