संध्याकाळी 7 वाजता कुठे असतोस?

बाळा,

मेसेज वाचला तुझा. श्रावणात महिनाभर थेंबभरही घेतली नाही, मग मी बेवडा कसा, असं विचारलंयस. हसू आलं, राग मानू नको, कारण हेच वाक्य मी आमच्या हिला सलग 9 वर्षं ऐकवलंय. श्रावण मीही पाळायचो, पण गटारीला महिन्याचा कोटा एका रात्रीत भरून घ्यायचो आणि श्रावण कधी संपतो ते मला पंचांग न बघता पाठ असायचं. ज्याला प्यायची नसते तो दिवस कशाला मोजेल?

शपथा पण सगळ्या घेऊन झाल्या, पोराच्या डोक्यावर हात ठेवून झाला, माळ घालून झाली. माळ घालून कायमचे सुटलेले लोक मी बघितलेत, त्यांच्या पाया पडतो, पण माझी 4 महिन्यांत खुंटीला लागली. शपथ घेताना मी एकटा होतो आणि मोडतानाही एकटाच, एवढंच मला त्यातून कळलं, तेही फार उशिरा.

आणि हे आधी ऐक. आता रोज क्वार्टर लागते म्हणतोस ना, मग जोशात येऊन एका दिवसात बंद करू नको, आधी डॉक्टरला खरा आकडा सांग. रोजची सवय असलेल्या शरीराला अचानक दारू मिळाली नाही तर हात थरथरतात, घाम फुटतो, कुणाला फिट येते, दोन-तीन दिवसांत भास व्हायला लागतात, जीवावरही बेततं. ही हिंमत दाखवायची जागा नाही. ॲडमिट व्हायला सांगितलं तर हो, पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, सरकारची 14446 ही फुकट हेल्पलाइन आहे, ते जवळचं सेंटर सांगतात.

आता मीटिंगचं. एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू बघणाऱ्यांनी एकत्र बसून एकमेकांशी बोलायचं, 1935 साली अमेरिकेत ॲक्रन गावात एक शेअरबाजारवाला आणि एक सर्जन, दोघेही पट्टीचे पिणारे, एकमेकांशी बोलत बसले तिथून हे सुरू झालं, आणि आपल्या मुंबईत 1957 पासून आहे. नेटवर एए इंडियाची साइट काढ, एरियाप्रमाणे ग्रुप, वार, वेळ सगळं मिळतं. पण निघायच्या आधी फोन कर हां, कारण मीटिंगा शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये असतात, परीक्षा किंवा सण आला की जागा बदलते आणि बंद दार बघून आपल्यासारख्याला बारकडे वळायला निमित्तच लागतं. मराठी, हिंदी, इंग्लिश, ज्या भाषेत शिव्या देतोस त्या भाषेतला ग्रुप बघ, बोलणं खरं होतं. घरचे सोबत येणार असतील तर ओपन मीटिंग विचार, क्लोज्ड मीटिंग फक्त आपल्यासारख्या पिणाऱ्यांसाठी असते.

फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कोणी विचारत नाही. शेवटी पिशवी फिरते, असले तर 10 रुपये टाक, नसले तर पुढे दे. तिसरीच्या पोरांच्या बाकावर गुडघे मावत नाहीत, माझे पहिल्या दिवशी मावले नव्हते, त्याआधी मी गेटसमोर 3 सिगरेटी ओढून दोनदा स्टेशनपर्यंत परत गेलेलो. ओळखीचं कोणी दिसलं तर काय, ही भीती होती, आणि दिसलाच, आमच्याच बिल्डिंगमधला. तो पण तिथे त्याच कामाला आलेला ना! त्या दिवशी मी एक शब्द बोललो नाही, चालतं, नुसतं ऐकायचं.

देवाचं बोलणं निघेल, तुला पटत नसेल तर सोडून दे, माझं पण अर्धं अजून पटत नाही. एक ग्रुप आवडला नाही तर दुसऱ्यात जा, पण 6-7 मीटिंगा बसल्याशिवाय नावं ठेवू नको. खरी गंमत वेळेची आहे. बऱ्याचशा मीटिंगा संध्याकाळी 7 च्या आसपास असतात, म्हणजे तू परमिट रूममध्ये चखण्याची वाट बघत बसतोस तीच वेळ. ते दीड-दोन तास नुसते रिकामे ठेवलेस तर पाय आपोआप तिकडेच जाणार, म्हणून त्या वेळात दुसरीकडे जाऊन बसायचं. मला दारू सोडून 11 वर्षं झाली आणि अजूनही ऑफिसातून वैतागून, उपाशीपोटी सुटलो की पावलं थबकतात, मग आधी वडापाव खातो आणि कोणालातरी फोन लावतो.

आईला पण सांग, घरच्यांसाठी अल-ॲनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात. तुझ्या बाटल्या शोधून शोधून ती थकलीय रे.

मंगळवारी साडेसहाला तुमच्या स्टेशनच्या वेस्टला तिकीट खिडकीपाशी उभा असेन. घेतलेली असली तरी ये, मग फक्त मागच्या बाकावर गप्प बसायचं.

तुझा,
काका