क्यूटीसी 466 आले. जनुकांची चाचणी करावी का?

प्रश्न : मी 61 वर्षांची गृहिणी आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी काढलेल्या ईसीजीवर क्यूटीसी 466 छापून आले. धाकट्या भावाचे 438 आहे. रक्तदाबासाठी मला लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. पुतण्या म्हणतो, जनुकांची चाचणी करून घ्या. करावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ईसीजीच्या कागदावरचा प्रत्येक लहान चौकोन 40 मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे तुम्हा भावंडांतला 28 मिलिसेकंदांचा फरक एका चौकोनाएवढाही नाही, आणि त्यातला काही भाग तर तुम्ही स्त्री असण्याचाच आहे. हृदयाच्या खालच्या कप्प्यांत विद्युतलहर शिरल्यापासून ते कप्पे पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होईपर्यंतचा काळ म्हणजे क्यूटी, आणि नाडीच्या वेगाचा हिशेब घालून काढलेला आकडा म्हणजे क्यूटीसी. लहान मुलामुलींत तो जवळपास सारखाच असतो. वयात येताना मुलग्यांत टेस्टोस्टेरॉनमुळे तो घटतो आणि उतारवयात ही तफावत पुन्हा कमी होते. म्हणूनच पुरुषांत साधारण 450 आणि स्त्रियांत 460च्या पुढे तो लांबलेला धरतात. धोका ठळकपणे वाढतो तो 500च्या पुढे.

पुतण्याची काळजी रास्त आहे, पण जन्मजात लाँग क्यूटी सिंड्रोम वेगळा. तो सुमारे दोन हजारांत एकाला असतो आणि एखाद्या जनुकातील मोठ्या बिघाडाने होतो. घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, पोहताना किंवा गजराच्या आवाजाने दचकून बेशुद्ध पडले असेल, तर चाचणी अवश्य करावी. एरवी आपल्या सर्वांत विखुरलेले असतात ते किरकोळ जनुकीय भेद. 2006 साली एनओएस1एपी या जनुकाजवळ असा एक भेद सापडला; त्याची एक प्रत क्यूटी जेमतेम तीन-चार मिलिसेकंदांनी लांबवते, म्हणजे त्या लहान चौकोनाचा दहावा हिस्सा. असे अनेक भेद एकत्र आले की फरक पडतो, मात्र तुमच्या बाबतीत त्याहून अधिक लक्ष गोळ्यांकडे द्यावे लागेल.

लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांमुळे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घटते, जुलाब झाले तर आणखी घटते, आणि त्यातच क्यूटी लांबवणारे औषध पोटात गेले की ठोक्यांची लय बिघडून घातक ठरू शकते. औषधांमुळे होणाऱ्या या बिघाडाच्या रुग्णांत सुमारे दोनतृतीयांश स्त्रिया असतात. टर्फेनाडीन ही सर्दी-ॲलर्जीची लोकप्रिय गोळी याच कारणाने 1998 साली अमेरिकेच्या बाजारातून गेली. आपल्याकडे मात्र क्यूटी लांबवू शकणारे अझिथ्रोमायसिन (प्रतिजैविक), डॉम्पेरिडोन (उलटीवरचे औषध) किंवा फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचे औषध) औषधाच्या दुकानातून सहज मागून आणले जाते. यांपैकी काहीही घेण्यापूर्वी डॉक्टरांना हा ईसीजी दाखवा. रक्तदाबाची गोळी मात्र परस्पर बंद करू नका.

या आठवड्यात रक्तातील पोटॅशियम व मॅग्नेशियम तपासून घ्या, आणि क्यूटी डॉक्टरांकडून हाताने मोजून घ्या, कारण क्यूटीचा शेवट दाखवणारी टी लहर नेमकी कुठे संपते हे ओळखताना यंत्र पुष्कळदा चुकते.