अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या ताईसाठी

ताई, आमचा मुलगा असाच एका रात्रीत अत्यवस्थ झाला होता, तेव्हा मला प्रार्थनेला शब्दच सुचत नव्हते. नुसतं "प्रभू, दया कर" एवढंच. तुमचंही तसं होत असेल तर घाबरू नका, तेवढं पुरतं. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायातला, आजारी मुलाचा तो बाप आठवा. आपला विश्वास आहे असं म्हणत तो त्याच दमात आपल्या अविश्वासासाठी मदत मागतो, आणि येशू त्याला परत पाठवत नाही. रडावंसं, देवाला जाब विचारावासं वाटलं तर 13वं स्तोत्र उघडा. तिथेही "किती काळ?" असंच चार वेळा विचारलंय.

औषध चालू ठेवा. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. डॉक्टर सांगतील ते वहीत लिहून घ्या, त्या ताणात काही लक्षात राहत नाही. पाळकांना आणि मंडळीतल्या (चर्चमधल्या) वडीलधाऱ्यांना प्रार्थनेला बोलवा, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात तसंच सांगितलंय.

"तुमचा विश्वास कमी पडला" असं कोणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. मला ते ऐकावं लागलं, आणि आजाराइतकंच ते लागलं.

आणि जेवा. याईर नावाच्या माणसाच्या मेलेल्या मुलीला उठवल्यावर येशूने आधी तिला खायला द्यायला सांगितलं होतं. रात्री दोघांनी आळीपाळीने झोपा.