वाचकांचे प्रश्न : मुख्यालयाचा फॉर्म आणि कागलचा कारखाना

प्रश्न : आमचा कारखाना कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत आहे. कंत्राटी धरून 350 माणसं. मूळ कंपनी अमेरिकेतली. तिथून विविधता आणि समावेशनाचा सर्व्हे आला : इंग्रजीत, ई-मेलवर, वंशाच्या रकान्यासकट. ऑफिसातल्या 40 जणांनी भरला, शॉपफ्लोअरवरून एकही आला नाही. सक्ती करावी का?
– एचआर अधिकारी, कागल

उत्तर : सक्ती केलीत तर सगळे ‘उत्तम’वर टिक करून मोकळे होतील. वंशाचा रकाना अमेरिकेतल्या नियमातून आलाय. तिथं 100 किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या खासगी कंपनीला वंश आणि लिंगनिहाय आकडे सरकारला द्यावे लागत आले आहेत. फ्रान्समध्ये मात्र अशीच माहिती गोळा करण्यावर कडक निर्बंध आहेत. इथं तो रकाना चालणार नाही, असं मुख्यालयाला सरळ लेखी कळवा.

आपल्याकडं वंशाच्या जागी जात येते. पण ती नावासकट विचारू नका. अशी यादी एकदा तयार झाली की बढतीच्या मीटिंगपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. जात जिथं दिसते तिथं बघा. मुलाखतीत ‘गाव कुठलं, पाहुणे कुठले’ हे कोण विचारतं? ओळखीतून किती जण लागले? सफाईच्या कंत्राटी कामगारांना चहा कागदी कपात आणि बाकीच्यांना काचेच्या ग्लासात, असं आहे का? दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात शाहू महाराज मुद्दाम थांबून चहा घेत, ती गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना पाठ असते. पँट्रीतले कप मात्र कुणी मोजत नाही.

आता सर्व्हे. एक पान, 10-12 प्रश्न, मराठीत. परप्रांतीय कामगारांसाठी हिंदीत. कागदावर, शिफ्टच्या वेळेतच 15 मिनिटं देऊन. सुपरवायझर बाहेर, पेटीला कुलूप. विभाग, वय, लिंग हे तिन्ही एकाच कागदावर विचारलंत की मेंटेनन्समधल्या दोन बायका लगेच ओळखू येतात, आणि ते त्यांना तुमच्या आधी कळतं. 10 पेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल वेगळा काढू नका. मुख्यालयाला फक्त बेरजा पाठवा, कागद कागलातच ठेवा.

प्रश्न : महिला 30 टक्के करा असं टार्गेट आहे. भरती होते, पण सहा महिन्यांत निम्म्या सोडून जातात. ‘घरची अडचण’ एवढंच सांगतात.
– प्लांट मॅनेजर, गोकुळ शिरगाव

उत्तर : ‘घरची अडचण’ बऱ्याचदा बस असते. दुसरी शिफ्ट रात्री 11 ला सुटत असेल आणि गाडी मुरगूड किंवा निपाणीच्या बाजूला हमरस्त्यावरच सोडत असेल, तर पुढचे दोन किलोमीटर कसे जायचे हा प्रश्न आधी सोडवा. मग स्टोअरमध्ये जाऊन सेफ्टी शूजचे नंबर बघा. 7 ते 10 भरपूर असतात, 4 आणि 5 नसतात. दोन मोजे घालून 7 नंबर वापरणारी बाई शिडीवर घसरणारच. हातमोज्यांचंही तेच. नुसता ठेकेदाराला फोन करून भागणार नाही, खरेदीच्या ऑर्डरमध्येच मापं लिहा.

लैंगिक छळाची तक्रार समितीही तपासा. 10 किंवा जास्त कर्मचारी असले की ती हवीच : अध्यक्षपदी वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य कंपनीबाहेरची व्यक्ती. तक्रार करायला घटनेपासून 3 महिने, चौकशी पुरी करायला 90 दिवस. कंत्राटी महिलाही तिथं तक्रार करू शकते, हे बोर्डावर मराठीत लिहिलेलं असू द्या. नावं आणि फोन नंबर चालू आहेत ना, तेही बघा. नोकरी सोडून गेलेल्या बाईंचंच नाव अजून बोर्डावर, हे नेहमीचं आहे.

प्रश्न : व्हीलचेअर वापरणारा अकाउंटंट घ्यायचाय. रॅम्प केलाय, तरी तो एकट्याला चढवत नाही.
– वाचक, शिरोली

उत्तर : उतार मोजा. 1 सेंटीमीटर उंचीला 12 सेंटीमीटर लांबी लागते. 15 सेंटीमीटरच्या पायरीला 1.8 मीटर. जागा वाचवायला गवंडी निम्म्यातच आटोपतात. वर दारापुढं 1.5 मीटर सपाट जागा सोडा, नाहीतर दार ओढताना खुर्ची मागं घरंगळते. संडासाचा दरवाजा 90 सेंटीमीटरचा आणि बाहेर उघडणारा हवा.