संग्राहकांच्या शंका : ‘हॉल ऑफ फेम’ आणि बेसबॉल कार्डांचा भाव

प्रश्न : माझ्या मामांनी न्यू जर्सीहून परतताना १९८७ ते १९९३ मधली चारेकशे बेसबॉल कार्डं आणली. त्यात केन ग्रिफी ज्युनियर आणि डेरेक जीटर आहेत. दोघंही ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च मानाच्या यादीत, गेलेत, मग भाव चढला असेल ना?
– वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : चढला, पण निवडीच्या कितीतरी आधी. ग्रिफीला २०१६ मध्ये पत्रकारांची ९९.३ टक्के मतं पडली; जीटरचं २०२० मध्ये एकमत हुकलं ते फक्त एका मतानं. हे दोघं निवडले जाणार हे ते खेळत असतानाच सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्या मानाची किंमत भावात आधीच मुरलेली होती.

तुमच्या कार्डांचा भाव आता दोन गोष्टींवर ठरेल : किती छापली गेली आणि कशी राहिली. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये टपाल तिकिटं छापली जातात, तेव्हा नाशिककरांना छपाईचं गणित वेगळं सांगायला नको. १९८७ ते १९९३ या काळात कार्डं भरमसाट छापली गेली. ग्रिफीचं १९८९ चं अपर डेक कंपनीचं क्रमांक १ हे सगळ्यांत गाजलेलं रूकी कार्ड, म्हणजे खेळाडूचं सुरुवातीचं कार्ड, पण त्याच्या दहा ग्रेडच्या (कार्ड तपासणाऱ्या कंपनीनं सर्वोच्च दर्जा दिलेल्या) प्रतीसुद्धा हजारोंनी आहेत. साधी, ग्रेड न केलेली प्रत स्वस्तातच जाते. जीटरचं १९९३ च्या ‘एसपी’ या संचातलं क्रमांक २७९ मात्र चकचकीत फॉइलवर छापलेलं आहे. त्याला लगेच ओरखडे पडतात, कडांचा रंग उडतो. दहा ग्रेडच्या प्रती मोजक्याच, म्हणून २०१८ मध्ये तशा एका प्रतीला १,८०,००० डॉलर मिळाले. पेटीत हे कार्ड असेल तर आधी तेच बाजूला काढा.

ते ट्यूबलाइटखाली तिरकं धरून पृष्ठभाग बघा. दहापट भिंगातून चारही कोपरे तपासा : टोक किंचित गोल झालं असेल किंवा पांढरा धागा दिसत असेल तर दहा ग्रेड विसरा. मग चित्राभोवतीची किनार मोजा. डावीकडे २ आणि उजवीकडे ३ मिलिमीटर आली, तर प्रमाण ४०-६० झालं; दहा ग्रेडला पुढच्या बाजूनं ते साधारण ४५-५५ च्या आत लागतं. कार्डाचं मापही घ्या : अडीच बाय साडेतीन इंच. कमी भरलं तर कोणीतरी कड कापून सरळ केली असण्याची शंका घ्यावी, आणि कापलेल्या कार्डाला ग्रेडचा आकडा मिळत नाही.

ग्रेडिंगची फी, जाण्यायेण्याचं विम्यासह कुरिअर आणि परत येताना कस्टम्स, हे सगळं आधी जोडून बघा. चारशेपैकी दोन-तीनच कार्डं त्या खर्चाला पुरतील. भाव बघताना विक्रेत्यानं मागितलेली किंमत धरू नका. झालेल्या विक्रीचेच आकडे बघा.

प्रश्न : निवडीच्या आधी कार्ड घेऊन नंतर विकायचं, हे जमतं का?
– वाचक, सातपूर

उत्तर : जमतं, पण निकाल अनिश्चित असेल तिथेच. पद्धत अशी : निवृत्तीनंतर ५ वर्षांनी नाव मतपत्रिकेवर येतं, बेसबॉल पत्रकार मतं देतात. ७५ टक्के मिळाली की निवड. ५ टक्क्यांच्या खाली गेला की नाव बाद. जास्तीत जास्त १० वर्षं संधी. निकाल जानेवारीत, ‘हॉल ऑफ फेम’ जिथे आहे त्या कूपर्सटाउनचा सोहळा जुलैत.

स्कॉट रोलेन २०१८ मध्ये १०.२ टक्क्यांवर होता, २०२३ मध्ये ७६.३ वर निवडला गेला. असा टक्का दरवर्षी चढत असतो, तेव्हा ४०-५० टक्क्यांच्या टप्प्यावर घ्यावं. बिली वॅगनरचं २०२४ मध्ये ५ मतांनी हुकलं आणि २०२५ मध्ये, शेवटच्या संधीला, ८२.५ टक्क्यांनी जमलं. पण तो रिलीफ पिचर, म्हणजे सामन्यात मागाहून येणारा गोलंदाज, आणि अशा पिचरांच्या कार्डांना एरवीही गिऱ्हाईक कमी. फलंदाज बरा.

विकायचं ते डिसेंबर ते निकालाचा आठवडा या काळात. बरेच पत्रकार आपली मतं आधीच जाहीर करतात, त्यामुळे अंदाज येतो आणि मागणी तेव्हाच उसळते. जुलैच्या सोहळ्यापर्यंत थांबणारे बहुतेकदा फसतात, कारण निकालानंतर सगळेच विकायला काढतात.

धोकाही मोठा आहे. केनी लॉफ्टन २०१३ मध्ये पहिल्याच वर्षी ३.२ टक्क्यांवर बाद झाला. बॅरी बाँड्सच्या नावावर सर्वाधिक होमरन (बेसबॉलमधले षटकार म्हणा), तरी उत्तेजकांच्या आरोपांमुळे त्याची दहाही वर्षं कोरडी गेली. पत्रकारांच्या मतांनी हुकलं, तरी पुढे ‘हॉल ऑफ फेम’च्या समितीमार्फत वाट उघडी असते. १९७४ चं टॉप्स कंपनीचं रूकी कार्ड असलेला डेव्ह पार्कर डिसेंबर २०२४ मध्ये तसाच निवडला गेला. पण तेवढी वर्षं पैसे अडकवून ठेवू नका.

प्रश्न : पावसाळ्यात कार्डं वाकतात. काय करावं?
– वाचक, पंचवटी

उत्तर : पुठ्ठा दमट हवेतलं पाणी ओढतो, म्हणून वाकतो. प्रत्येक कार्ड आधी मऊ पिशवीत, मग टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकच्या पाकिटात) घाला. पीव्हीसीची पानं असलेला जुना अल्बम नको, तो शाईला चिकटतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४५ ते ५० टक्क्यांवर असू द्या. जेलचा रंग बदलला की पुड्या बदला. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, गोदरेजच्या कपाटात मधल्या खणात ठेवा. वाकलेलं कार्ड इस्त्रीनं सरळ करायला जाऊ नका, चकाकी जाते.