लिम्फोसाइट 55 टक्के आले, म्हणजे वाढलेत का? पांढऱ्या पेशींचे हे प्रकार असतात तरी काय?

तुम्ही दिलेले आकडे असे: एकूण पांढऱ्या पेशी 2,800, न्यूट्रोफिल 38 टक्के, लिम्फोसाइट 55 टक्के आणि त्यापुढे ठळक 'एच', म्हणजे 'हाय' (जास्त). मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड बघतो, पावसाळ्यात हा प्रश्न काउंटरवर रोजचाच. तुमचे लिम्फोसाइट वाढलेले नाहीत, न्यूट्रोफिल कमी झालेत.

टक्क्यांची बेरीज 100च व्हायची, त्यामुळे एक घटला की दुसरा उगाच फुगलेला दिसतो. म्हणून एकूण पेशींवरून खरी संख्या काढायची. 2,800 चे 55 टक्के म्हणजे 1,540 लिम्फोसाइट. मोठ्या माणसात साधारण 1,000 ते 4,000 असतात, म्हणजे ठीकच. न्यूट्रोफिल भरतात 1,064, ते 2,000 च्या आसपास तरी हवेत. डेंग्यू आणि इतर व्हायरल तापांत असं चित्र बऱ्याचदा दिसतं.

आता प्रकार. लीशमन स्टेन (पेशी नीट दिसाव्यात म्हणून लावायचा रंग) केलेल्या रक्ताच्या स्लाइडवर न्यूट्रोफिल लगेच ओळखू येतो: जांभळं केंद्रक तीन-चार तुकड्यांत, मधे बारीक धागे. जिवाणू शिरले की आधी हेच धावतात; पू म्हणजे बव्हंशी मेलेले न्यूट्रोफिल. स्टिरॉइड घेणाऱ्यांचेही वाढतात, तेव्हा वाढले की इन्फेक्शनच, असं धरू नये.

लिम्फोसाइट लहान, गोल, जवळजवळ सगळी जागा केंद्रकानेच व्यापलेली. त्यातल्या बी पेशींपासून अँटीबॉडी तयार होतात, टी पेशींतल्या काही विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात. साध्या स्लाइडवर मात्र बी कोणती नि टी कोणती, हे कुणालाच सांगता येत नाही. डेंग्यूत काही लिम्फोसाइट मोठे, पसरट, गडद निळ्या काठाचे होतात. रिपोर्टवर त्यांना 'रिअ‍ॅक्टिव्ह' म्हणतात, म्हणजे संसर्गाला प्रतिसाद देणारे, आणि लोक गूगल करून थेट कॅन्सरपर्यंत पोचतात!

मोनोसाइट आकाराने सगळ्यांत मोठे. रक्तातून बाहेर पडून मॅक्रोफेज होतात, जंतू आणि मेलेल्या पेशी गिळतात. इओसिनोफिलमध्ये नारिंगी दाणे ठासून भरलेले. अ‍ॅलर्जी, दमा, जंत यांत ते वाढतात. बेसोफिल इतके विरळ की हाताने 100 पेशी मोजल्या तर बहुतेकदा एकही सापडत नाही, तो शून्य नॉर्मलच.

प्लेटलेट किती ते तुम्ही लिहिलेलं नाही. ताप असेल तर तो आकडा आणि हे 2,800 आजच डॉक्टरांना दाखवा.