मंडळीपुढे दिलेला शब्द आणि नीटचे गुण

पत्र : अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणाहून 19 वर्षांची एक विद्यार्थिनी लिहिते की, बारावीच्या वर्षी चर्चच्या तरुण संघाच्या शिबिरात शेवटच्या संध्याकाळी प्रत्येकाला आपल्या जीवनासाठी देवाने ठेवलेला उद्देश एका वाक्यात लिहून माइकवर जाहीर करायला सांगितले गेले. "देवाने मला डॉक्टर होऊन खेड्यातल्या आजारी लोकांची सेवा करण्यासाठी पाचारण केले आहे," असे तिने सांगितले. पुढच्या रविवारी चर्चच्या मंडळीतही तिच्यासाठी प्रार्थना झाली. त्यानंतर तिने वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा दोनदा दिली. 720 पैकी आधी 231 आणि नंतर 268 गुण मिळाले. साखर कारखान्यात लिपिक असलेले वडील दोन एकर जमिनीवर कर्ज काढून तिला परदेशात एमबीबीएससाठी पाठवण्याच्या विचारात आहेत, आईला हे कर्ज नको आहे, आणि उपासनेनंतर बायका तिला अजूनही "डॉक्टरीणबाई" अशी हाक मारतात. "मी देवाला दिलेला शब्द मोडला, की देवाने मला बोलावलेच नव्हते?" असा तिचा प्रश्न आहे.

उत्तर :

प्रिय विद्यार्थिनीस, सप्रेम सलाम.

तुझे पत्र मी तीनदा वाचले. पहिल्या दोन वेळी माझे लक्ष गुणांवर आणि कर्जावर होते, कारण व्यवसाय-मार्गदर्शक म्हणून माझे रोजचे काम तेच आहे. तिसऱ्या वेळी मी दुसऱ्या पानाच्या तळाशी थांबलो. तिथे तू चार ओळींत लिहिले आहेस की गेले वर्षभर दर शनिवारी तू ग्रामीण रुग्णालयातल्या केसपेपरच्या खिडकीजवळच्या बाकावर बसतेस आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांचे अर्ज भरून देतेस. एका आजींचे नाव आधार कार्डावर वेगळे आणि शिधापत्रिकेवर वेगळे असल्यामुळे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होणारी त्यांची शस्त्रक्रिया अडली होती. तू त्यांच्याबरोबर दोनदा तहसील कचेरीत आणि एकदा आधार केंद्रात गेलीस. त्यांनी गोळ्यांची पाकिटे रुमालाच्या गाठीत बांधून आणली होती आणि सकाळची कोणती, रात्रीची कोणती हे त्यांना सांगता येत नव्हते, म्हणून तू पाकिटांवर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून दिलेस. शेवटी तू लिहितेस, "ही काही सेवा वगैरे नाही, घरी अभ्यासात मन लागत नाही म्हणून जाते." हे तुझे म्हणणे मला मुळीच पटलेले नाही, आणि माझे सगळे उत्तर या चार ओळींवरच उभे आहे.

आधी शब्दाविषयी लिहितो, कारण तुझी झोप त्यानेच उडवली आहे. नवसाला पवित्र शास्त्र हलके लेखत नाही. त्यातील अनुवाद या पुस्तकाच्या 23 व्या आणि उपदेशक या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात केलेला नवस फेडण्याविषयी कडक शब्द आहेत, आणि तू ते वाचून घाबरली असशील तर ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्या संध्याकाळी तू नेमके काय बोललीस ते पाहा. तुझ्या एका वाक्यात दोन गोष्टी होत्या. खेड्यातल्या आजारी माणसांची सेवा ही एक, आणि डॉक्टर होणे ही दुसरी. पहिली तुझ्या आज्ञापालनावर अवलंबून आहे, तर दुसरी प्रश्नपत्रिका, जागांची संख्या आणि त्या वर्षीच्या गुणवत्ता यादीवर. माणूस नवस करतो तो आपल्या हातातल्या गोष्टीचा. तुझ्या हातात जे होते ते तू सोडलेले नाहीस, दर शनिवारी करते आहेस. याविषयी तू तुझ्या पाळकसाहेबांशीही एकदा मोकळेपणाने बोलावेस, कारण मी व्यवसाय-मार्गदर्शक आहे आणि मनावरचे हे ओझे उतरवण्याचा अधिकार त्यांचा माझ्याहून मोठा आहे.

त्यांच्याशी बोलण्यापूर्वी पवित्र शास्त्रातील 2 शमुवेल या पुस्तकाचा 7 वा अध्याय वाच. दावीद राजा नाथान संदेष्ट्याला सांगतो की मी गंधसरूच्या घरात राहतो आणि देवाचा कोश, म्हणजे कराराची पवित्र पेटी, मात्र तंबूत आहे. त्याच्या मनातला बेत उत्तम आहे, आणि नाथानही त्याला होकार देतो. त्याच रात्री देव नाथानाला सांगतो की मंदिर दावीद बांधणार नाही, त्याचा पुत्र बांधील. म्हणजे हेतू शुद्ध होता, संदेष्ट्याची संमती होती, आणि तरीही वाट बदलली. पुढे मंदिराच्या समर्पणाच्या वेळी तो पुत्र, शलमोन, सांगतो की दावीदाच्या मनात ही इच्छा आली हे देवाने चांगलेच मानले होते. दावीदही नकार ऐकून हातावर हात धरून बसला नाही; त्याने लाकूड, दगड, लोखंड, सोने जमवले आणि मंदिराचा आराखडा मुलाच्या हाती दिला. तुला नकार आला असेल तर तो पदवीला आला आहे. तुझी इच्छा देवाने नाकारली असे मानण्यास मला तुझ्या पत्रात काहीही आधार दिसत नाही.

आता तुझ्याच जिल्ह्यातील एका जोडप्याविषयी सांगतो, कारण त्यांचे जामखेडचे काम तुझ्या घरापासून फार लांब नाही आणि तरीही तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. राहुरीचे डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. 1960 मध्ये लग्नाच्या दिवशी त्यांनी आपले आयुष्य खेड्यांतील उपेक्षित लोकांसाठी देण्याचा निश्चय केला. ही त्यांची जाहीर प्रतिज्ञा होती, आणि तिच्यात कोणासाठी हे स्पष्ट होते. कसे, हे त्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हते. आधी त्यांनी याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. तिथे त्यांच्या लक्षात आले की पुष्कळ आजार दूषित पाण्यातून आणि अपुऱ्या अन्नातून येतात, रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि त्याच आजाराने पुन्हा दारात येतो. मग ते सार्वजनिक आरोग्य शिकण्यासाठी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले, आणि परत येऊन 1970 मध्ये जामखेडला त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रतिज्ञेपासून जामखेडपर्यंत 10 वर्षे गेली. या 10 वर्षांत ते उद्देश शोधत होते असे मी म्हणणार नाही; उद्देश त्यांच्यापाशी होता आणि त्याचे रूप ते कामातून शिकत होते.

जामखेडची पुढची गोष्ट तर तुझ्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. गावोगावी आरोग्य पोहोचवायचे तर गावात राहणारे माणूस हवे, आणि बाहेरून आलेल्या प्रशिक्षित परिचारिकांचे तिथे बस्तान बसेना. तेव्हा गावांनी आपल्यातल्याच बायका निवडल्या. त्यांतील बहुतेकींनी शाळा पाहिलेली नव्हती आणि कित्येक जणी दलित वस्तीतल्या होत्या. या ग्राम आरोग्य सेविकांनी बाळंतपणे केली, मुलांची वजने घेतली, अतिसारात साखर-मिठाचे पाणी द्यायला आयांना शिकवले. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी, आणि जगभरचे लोक जामखेडला ते पाहायला येऊ लागले. देव खेड्यातल्या आजाऱ्यासाठी ज्यांना बोलावतो त्यांच्यातले सगळे स्टेथोस्कोप घेऊन येत नाहीत, याचा तुझ्या जिल्ह्यात इतका मोठा दाखला असताना 268 या आकड्याला तू तुझ्या पाचारणाचा निकाल समजावेस, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता व्यवहाराकडे येऊ. परदेशातील एमबीबीएससाठी जमिनीवर कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशातून पदवी घेऊन आलेल्यांना भारतात नोंदणीसाठी वेगळी चाचणी परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण कित्येक वर्षे कमीच राहिले आहे. जमीन गहाण, परीक्षा अडलेली आणि कर्जाचे हप्ते सुरू, अशा स्थितीत सापडलेली मुले माझ्यासमोर येऊन बसली आहेत. शिवाय ज्याच्या डोक्यावर असे कर्ज असते तो डॉक्टर खेड्यात थांबू शकत नाही; त्याला शहरातला खाजगी दवाखाना गाठावाच लागतो, आणि मग ज्या वाक्यासाठी हे सगळे केले ते वाक्यच मागे राहते. तिसऱ्यांदा नीट देण्याविषयी मी मनाई करत नाही, पण दोन वर्षांत 37 गुणांची वाढ पाहता आणखी एक वर्ष त्यात घालावे असे मला वाटत नाही.

बी.एस्सी. नर्सिंग या 4 वर्षांच्या अभ्यासक्रमाचा तू गांभीर्याने विचार करावास. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय तुझे होतेच; महाराष्ट्रातील प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा असते, तिची माहितीपुस्तिका या वर्षीचीच पाहा, गेल्या वर्षीच्या तारखांवर विसंबू नकोस. या अभ्यासक्रमात सामुदायिक आरोग्य परिचर्या हा मोठा विषय आहे, आणि पदवीनंतर उपकेंद्रांतील समुदाय आरोग्य अधिकारी या पदाची वाट खुली होते. खेड्यात राहून, लोकांच्या दारात जाऊन करायचे ते काम आहे. तुझ्या पत्रातली मुलगी मला तिथे दिसते.

"डॉक्टर नाही तर नर्स" हे कमी पडल्याचे लक्षण आहे, असे कोणी म्हणाले तर वेल्लोरचाच इतिहास सांग. अमेरिकन मिशनरी डॉ. आयडा स्कडर यांनी तिथे महिला डॉक्टर घडवणारी वैद्यकीय शाळा 1918 मध्ये सुरू केली, पण परिचारिकांची शाळा त्याच्या 9 वर्षे आधी, 1909 मध्ये उघडली होती. आणि आपल्या मंडळ्यांतली किती घरे एका मास्तरांच्या आणि एका नर्सबाईंच्या पगारावर उभी राहिली, हे तुझ्या आजीला विचारलेस तर ती नावानिशी सांगेल.

दुसरी वाट समाजकार्याची आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर 2 वर्षांचे एमएसडब्ल्यू करता येते, आणि डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी 1947 मध्ये स्थापन केलेल्या अहमदनगर कॉलेजच्याच शिक्षणसंस्थेची सीएसआरडी ही समाजकार्य शिकवणारी संस्था नगरमध्ये आहे. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) हे पद असते. तू बाकावर बसून जे करतेस ते हे लोक टेबलामागे बसून करतात. तरीही मी नर्सिंग आधी सुचवतो, कारण नर्सिंगनंतर समाजकार्याचे दार उघडे राहते आणि समाजकार्यानंतर नर्सिंगकडे वळणे अवघड जाते. जखम, रक्त आणि रात्रपाळी तुला झेपते का, हे मात्र माझ्या सांगण्यावर ठरवू नकोस. वॉर्डातल्या सिस्टरांची परवानगी मिळाली तर दोन आठवडे त्यांच्याबरोबर राहून पाहा.

राहिला प्रश्न जाहीर करण्याचा. मंडळीपुढे बोलणे चुकीचे होते असे मी मानत नाही. साक्ष देणे, म्हणजे देवाविषयीचा आपला अनुभव सर्वांपुढे सांगणे, हा आपल्या विश्वासाचाच भाग आहे. घाई मात्र झाली, आणि ती तुझी नव्हती, एका संध्याकाळी सगळ्या मुलांकडून आयुष्यभराचे वाक्य मागणाऱ्यांची होती. शौलाला, म्हणजे पुढच्या प्रेषित पौलाला, दमास्कसच्या वाटेवर पाचारण झाले, पण बर्णबा आणि शौल यांना वेगळे करून हात ठेवण्याची आज्ञा अंत्युखियाच्या मंडळीला मिळाली ती कित्येक वर्षांनी, आणि तोपर्यंत ते दोघे त्याच मंडळीत शिकवण्याचे काम करत होते. तुझ्या मंडळीने तुझ्यासाठी प्रार्थना केली ती तुझे काम पाहण्याआधी. आता त्यांना काम दाखव. जाहीर केलेला हेतू पुढे रुंदावतो, यात लाजण्यासारखे काही नाही. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये शारदा सदन उघडले ते उच्चवर्णीय बालविधवांच्या शिक्षणासाठी, आणि 1896-97 च्या दुष्काळाने त्यांच्या दारात उपाशी मुली आणून सोडल्या तेव्हा पुणे जिल्ह्यातील केडगावला मुक्ती ही संस्था उभी राहिली.

"डॉक्टरीणबाई" ही हाक तुला टोचते, म्हणून पुढच्या साक्षीच्या वेळी उभी राहून तू थोडक्यात असे बोलू शकतेस : "शिबिरात मी डॉक्टर होऊन सेवा करण्याविषयी बोलले होते. परीक्षा मी दोनदा प्रामाणिकपणे दिली आणि जागा मिळाली नाही. आजारी माणसांविषयीची ओढ कमी झालेली नाही, म्हणून मी दर शनिवारी रुग्णालयात जाते आणि आता नर्सिंगचा विचार करते आहे. आपण माझ्यासाठी प्रार्थना करत राहा, आणि ज्यांच्या घरी कोणाला अर्ज भरण्यास मदत हवी असेल त्यांनी मला सांगा." याहून जास्त बोलू नकोस आणि 'देवाने मला सांगितले' हे शब्द या वेळी वापरू नकोस, तू काय केलेस आणि काय करणार आहेस एवढेच सांग. पाचारण ओळखण्याचे काम काही अंशी ऐकणाऱ्यांचेही असते, बाल शमुवेलाला आलेली हाक देवाची आहे हे याजक एलीने ओळखले तसे.

वडिलांशी वाद घालू नकोस. मुलीने मंडळीपुढे दिलेला शब्द खाली पडू नये म्हणून ते दोन एकर पणाला लावायला निघाले आहेत, आणि हे प्रेम तुला पत्रातही दिसले आहे. त्यांना माझे हे उत्तर दाखव, पण त्याआधी कारखान्याच्या सुट्टीच्या एखाद्या शनिवारी त्यांना बरोबर घेऊन जा आणि सकाळी 9 ते 12 त्या बाकावर आपल्याशेजारी बसव. कर्जाविषयीचे बोलणे त्यानंतर, घरी येऊन, आईलाही बसवून करा.